आपल्याच माणसांनी घरी बसवले

अ‍ॅडम क्लेटन पॉवेल हे न्यूयॉर्कमधल्या हार्लेम या कृष्णवर्णीय वस्तीचे कृष्णवर्णीय लोकप्रतिनिधी. पण साठच्या दशकात एक काळ असा होता, की ते आपल्या मतदारसंघात फक्त रविवारी उगवत. हार्लेममधल्या एका महिलेवर टीव्हीवरून बेछूट आरोप केल्याबद्दल कोर्टाने त्यांना भरपाई द्यायला सांगितले होते. ती ते देत नव्हते आणि रविवारी कोर्टाची नोटीस बजावता येत नसे. तेव्हा रविवारी यायचे, अबिसिनियन बॅप्टिस्ट चर्चमध्ये प्रवचन द्यायचे, लोकांचे प्रेम घ्यायचे आणि सोमवार उजाडायच्या आत शहर सोडायचे. उरलेला बराचसा वेळ बहामातल्या बिमिनी बेटावर जायचा.

संसदीय समितीच्या पैशांतून सहली, पोर्तो रिकोत राहणाऱ्या पत्नीचे नाव कार्यालयाच्या पगारपत्रकावर, अशी आरोपांची यादी वाढत गेली. १ मार्च १९६७ रोजी अमेरिकी प्रतिनिधिगृहाने ३०७ विरुद्ध ११६ मतांनी पॉवेल यांना सभागृहात बसूच द्यायचे नाही असे ठरवले. दीड महिन्याच्या आत पोटनिवडणूक झाली आणि हार्लेमने त्यांना ८६ टक्के मते देऊन पुन्हा निवडले. १९६८ मध्ये ते आणखी एकदा निवडून आले. १९६९ मध्ये सभागृहाने त्यांना आत घेतले, पण २५ हजार डॉलर दंड ठोकून आणि सारी ज्येष्ठता काढून घेऊन. त्याच वर्षी जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की वय, नागरिकत्व आणि वास्तव्य या अटी पुऱ्या करणाऱ्या निर्वाचित सदस्याला दाराबाहेर ठेवण्याचा अधिकार प्रतिनिधिगृहाला नाही.

सभागृहाला जे साधले नाही ते जून १९७० मध्ये झाले. डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या अंतर्गत मतदानात, चार्ल्स रँगल नावाच्या चाळिशीच्या वकिलाने पॉवेल यांना हरवले. फरक होता दीडशे मतांचा.

मधल्या तीन वर्षांत आरोप तेच होते, माणूसही तोच होता. बदलले होते ते एवढेच, की १९६७ मध्ये पॉवेल हे शिक्षण आणि कामगार समितीचे मावळते अध्यक्ष होते. किमान वेतन, शाळांना केंद्राची मदत, गरिबीविरुद्धची योजना हे सारे कायदे त्यांच्या समितीतून पुढे सरकले होते. गोऱ्यांच्या सभागृहाने अशा माणसाला हाकलणे हा हार्लेमला आपला अपमान वाटला आणि त्याचा बदला मतपेटीतून घेतला गेला. १९७० उजाडेपर्यंत अध्यक्षपद गेले होते, ज्येष्ठता गेली होती, सभागृहातली हजेरी नावापुरती उरली होती. मतदारांना त्यांचे चारित्र्य आधीपासून ठाऊक होते. त्यांचा उपयोग संपला, तेव्हा तेही संपले.

पुढच्या पानांत वादग्रस्त विद्यमान सदस्यांना स्वपक्षाच्या मतदारांनी पाडल्याच्या ज्या लढती येतात, त्या वाचताना हार्लेमचा हा हिशेब हाताशी असलेला बरा. कारण अशा निकालानंतर वर्तमानपत्रे हमखास लिहितात, की वाचाळपणा भोवला, किंवा लफडे नडले. पण वाद एकटा क्वचितच कुणाला पाडतो. पाडायला त्याच पक्षातला एक पचणारा पर्याय लागतो आणि ‘हा माणूस आता आपल्या कामाचा राहिला नाही’ असे त्याच्याच लोकांना पटावे लागते.

आधी थोडे प्रायमरीच्या या यंत्राविषयी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत अमेरिकेतही तिकीट बंद खोलीतच मिळे. शहरातले आणि राज्यातले पक्षाचे ‘बॉस’ अधिवेशने भरवत, प्रतिनिधी जमवत आणि नावे ठरवत. विस्कॉन्सिनचे गव्हर्नर रॉबर्ट ला फॉलेट यांनी त्याविरुद्ध रान उठवले. १९०४ मध्ये तिथल्या मतदारांनी सार्वमताने प्रायमरीचा कायदा मंजूर केला, १९०६ मध्ये तो प्रत्यक्षात आला आणि पाहता पाहता बहुतेक राज्यांनी तोच मार्ग धरला. दक्षिणेत मात्र या सुधारणेला वेगळेच वळण लागले. तिथे एकट्या डेमोक्रॅटिक पक्षाचे राज्य होते, त्यामुळे प्रायमरी जिंकली की काम फत्ते. पक्ष ही खासगी संस्था आहे, तिने सदस्य कुणाला करावे हा तिचा प्रश्न, असे म्हणून टेक्साससारख्या राज्यांनी कृष्णवर्णीयांना प्रायमरीतून सरळ वगळले. ह्यूस्टनचे दंतवैद्य लॉनी स्मिथ यांचा खटला थर्गुड मार्शल यांनी लढवला आणि १९४४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही ‘गोऱ्यांची प्रायमरी’ मोडीत काढली.

आज प्रत्येक राज्याचे नियम निराळे आहेत. न्यूयॉर्कमध्ये ज्या पक्षाकडे नाव नोंदवले त्याच पक्षाच्या प्रायमरीत मत देता येते. जॉर्जियात पक्षनिहाय नोंदणीच नाही, कुणीही कुठलीही मतपत्रिका मागावी. कॅलिफोर्निया आणि वॉशिंग्टन राज्यांत सगळ्या पक्षांचे उमेदवार एकाच मतपत्रिकेवर असतात आणि पहिले दोघे नोव्हेंबरच्या फेरीत जातात. हे तपशील रटाळ वाटतात खरे, पण अनेकांची राजकीय कारकीर्द याच तपशिलांवर तरली किंवा बुडाली आहे.

आता आयोवाचे स्टीव्ह किंग. २००३ पासून सलग नऊ वेळा प्रतिनिधिगृहात गेलेले हे रिपब्लिकन सदस्य वर्णद्वेषी वक्तव्यांसाठी देशभर बदनाम होते. मेक्सिकोतून येणाऱ्या मुलांविषयी २०१३ मध्ये ते जे बोलले त्यावर त्यांच्याच पक्षाच्या सभापतींनी कान उपटले. २०१७ मध्ये ‘दुसऱ्यांच्या बाळांनी’ आपली संस्कृती टिकणार नाही, असे ट्वीट त्यांनी केले. मतदारसंघावर त्याचा ओरखडाही उठत नव्हता. मका, सोयाबीन आणि डुकरांचा हा प्रदेश दर दोन वर्षांनी त्यांना निमूटपणे परत पाठवत होता. पहिला धक्का नोव्हेंबर २०१८ मध्ये बसला. ज्या मतदारसंघात ट्रम्प यांनी २७ टक्क्यांची आघाडी घेतली होती, तिथे किंग जेमतेम तीन टक्क्यांनी वाचले. जागा हातची जाऊ शकते हे पक्षातल्या शहाण्यांनी हेरले. ९ जानेवारी २०१९ रोजी राज्याच्या सिनेटचे सदस्य रँडी फीनस्ट्रा यांनी पुढच्या प्रायमरीत किंगविरुद्ध उतरण्याची घोषणा केली. मतदानाला तेव्हा सोळा महिन्यांहून अधिक काळ बाकी होता.

दुसऱ्याच दिवशी न्यूयॉर्क टाइम्समध्ये किंग यांची मुलाखत आली. श्वेत राष्ट्रवाद, श्वेत वर्चस्ववाद हे शब्द आक्षेपार्ह कधीपासून झाले, असा प्रश्न त्यांनी तीत केला होता. गदारोळ उठला. प्रतिनिधिगृहात निषेधाचा ठराव ४२४ विरुद्ध १ मतांनी मंजूर झाला. विरोधात पडलेले ते एक मत किंग यांचे नव्हतेच. ते होते शिकागोचे बॉबी रश यांचे, ज्यांना यापेक्षा कडक शिक्षा हवी होती. किंग यांनी स्वतः ठरावाच्या बाजूने मत दिले! पण ठरावाने त्यांचे फारसे बिघडले नसते. बिघडवले ते पक्षाच्या नेतृत्वाने त्यांच्या समित्या काढून घेतल्या तेव्हा, कारण त्यांत एक समिती शेतीची होती. देशातल्या अव्वल शेतीप्रधान मतदारसंघांपैकी एकाचा प्रतिनिधी आता शेतीच्या समितीबाहेर बसला होता.

फीनस्ट्रा यांच्या प्रचाराची चतुराई इथे दिसते. त्यांनी किंग यांच्या विचारांना फारसा हातच लावला नाही. गर्भपात, बंदुका, स्थलांतर यांवर आपणही तितकेच पक्के उजवे आहोत, हे ते सांगत राहिले. त्यांचा मुद्दा एवढाच, की किंग यांना वॉशिंग्टनमध्ये आता कुणी विचारत नाही, मग मक्यावाल्यांचे काम कोण करणार? २ जून २०२० रोजी पाच उमेदवारांच्या लढतीत फीनस्ट्रा यांना सुमारे ४६ टक्के आणि किंग यांना सुमारे ३६ टक्के मते मिळाली. आयोवात कुणालाच ३५ टक्के मिळाली नाहीत तर निर्णय पक्षाच्या अधिवेशनात जातो आणि तिथे किंग यांचे कट्टर कार्यकर्ते भारी पडले असते. तशी वेळ आली नाही. वर्णद्वेषाचा पराभव झाला म्हणून देशभर जे लेख लिहिले गेले, त्यांतले बरेचसे मग जरा घाईचे वाटतात. पराभव झाला तो एका निरुपयोगी झालेल्या सदस्याचा.

मॅडिसन कॉथॉर्न यांची गोष्ट वरवर पाहता उलटी आहे, कारण तिथे वादांची रासच पडली होती. नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगराळ पश्चिम टोकातून ते २०२० मध्ये पंचविसाव्या वर्षी निवडून आले, तेही प्रायमरीत खुद्द ट्रम्प यांनी पुरस्कारलेल्या उमेदवाराला हरवून. मग रद्द झालेल्या परवान्यावर गाडी चालवणे, विमानतळावर सामानात सापडलेली बंदूक, युक्रेनचे अध्यक्ष झेलेन्स्की यांना ‘गुंड’ म्हणणे असे एकामागून एक प्रकार घडत गेले. मार्च २०२२ मध्ये एका पॉडकास्टवर त्यांनी सांगितले, की वॉशिंग्टनमधल्या ज्येष्ठ मंडळींनी आपल्याला कामक्रीडेच्या मेजवानीचे निमंत्रण दिले होते. स्वपक्षाचे खासदार चिडले; घरी बायकांना काय सांगायचे हा त्यांच्यापुढचा खरा पेच असावा.

पण स्थानिक लोकांच्या मनात सल वेगळाच होता. मतदारसंघांची फेररचना होत असताना कॉथॉर्न यांनी आपला भाग सोडून शार्लटजवळच्या नव्या मतदारसंघातून उभे राहण्याची घोषणा केली होती. कोर्टाने नकाशे बदलले, तसे ते परत आले. दरम्यान इतरांनी बाशिंग बांधले होते. त्यांतले एक होते राज्याचे सिनेटर आणि मॅकडॉनल्ड्सच्या शाखांचे मालक चक एडवर्ड्स. राज्यातलेच रिपब्लिकन सिनेटर टॉम टिलिस उघडपणे त्यांच्या पाठीशी उभे राहिले. ट्रम्प यांनी अखेरच्या क्षणी ‘पोराला आणखी एक संधी द्या’ अशा अर्थाची विनवणी केली, तरी १७ मे २०२२ रोजी एडवर्ड्स दीड हजारांहूनही कमी मतांनी जिंकले. आठ उमेदवार होते आणि एडवर्ड्स यांना मिळाली अवघी ३३ टक्के मते. तिथे ३० टक्के ओलांडले की पुरते, दुसरी फेरी लागत नाही. शिवाय कुठल्याच पक्षाकडे नोंद नसलेल्या मतदारांना रिपब्लिकन मतपत्रिका घेता येते. निम्म्याहून अधिक मते न मिळाल्यास दुसरी फेरी, हा जॉर्जियातला नियम तिथे असता आणि दोघांतच ती झाली असती, तर निकाल काय लागला असता यावर तिथले लोक अजून वाद घालू शकतात.

जॉर्जियातल्या दुसऱ्या फेरीचा अनुभव सिंथिया मॅकिनी यांनी घेतला. ११ सप्टेंबरच्या हल्ल्याबद्दल सरकारला आधीच कल्पना होती, असे सुचवणाऱ्या या डेमोक्रॅटिक सदस्य २००२ मध्ये प्रायमरीत डेनिस मजेट यांच्याकडून हरल्या. रिपब्लिकन मतदारांनी मोठ्या संख्येने डेमोक्रॅटिक मतपत्रिका मागून आपल्याला पाडले, ही त्यांच्या समर्थकांची तक्रार होती आणि ती निराधार नव्हती. २००४ मध्ये त्या परत निवडून आल्या. मार्च २००६ मध्ये संसद सदस्यांच्या कार्यालयांच्या इमारतीच्या दारात ओळख विचारणाऱ्या पोलिसाशी त्यांची झटापट झाली. त्या उन्हाळ्यात पहिल्या फेरीत त्या ४७ टक्क्यांवर पुढे होत्या. दुसरीत हँक जॉन्सन यांच्याविरुद्ध ४१ वर घसरल्या. परक्या पक्षाच्या मतदारांनी येऊन आपला उमेदवार ठरवावा का, हा प्रश्न तेव्हापासून लोंबकळतो आहे.

इथवर ‘वादग्रस्त’ हे विशेषण सरळ वापरले. लिझ चेनी यांच्यापाशी आल्यावर ते हातातून निसटते. ६ जानेवारी २०२१ च्या संसदभवनावरील हल्ल्यानंतर ट्रम्प यांच्यावरील महाभियोगाच्या बाजूने दहा रिपब्लिकन सदस्यांनी मत दिले. त्यांतल्या चौघांनी पुन्हा उभे न राहण्याचा निर्णय घेतला, चौघे प्रायमरीत पडले आणि दोघेच वाचले. पडलेल्यांपैकी चेनी यांचा वायोमिंगमध्ये ६६ विरुद्ध २९ टक्के असा धुव्वा उडाला. वाचलेले दोघे, कॅलिफोर्नियाचे डेव्हिड वॅलडेओ आणि वॉशिंग्टन राज्याचे डॅन न्यूहाउस, सामायिक मतपत्रिका असलेल्या राज्यांतले होते, हा योगायोग नव्हे. (जेमी हेरेरा ब्यूटलर मात्र त्याच वॉशिंग्टनमध्ये पडल्या, म्हणजे नियम हे काही चिलखत नव्हे.) ज्या हत्याराने स्टीव्ह किंग गेले त्याच हत्याराने चेनीही गेल्या. पक्षाच्या मतदाराला आपल्या प्रतिनिधीत काय खुपते, एवढेच हे यंत्र मोजते. ते खुपणे योग्य की अयोग्य, याच्याशी त्याला देणेघेणे नाही.

आणि मोजते तरी किती जणांचे? २०१८ मध्ये अलेक्झांड्रिया ओकासिओ-कोर्तेझ यांनी प्रतिनिधिगृहातले चौथ्या क्रमांकाचे डेमोक्रॅट जो क्राउली यांना हरवले, ते १७ हजारांहून कमी मते घेऊन. मतदारसंघाची लोकसंख्या सात लाखांच्या घरात. व्हर्जिनियाचे बॉब गुड २०२० मध्ये आपल्याच पक्षाच्या डेन्व्हर रिगलमन यांना हटवून आले. रिगलमन यांनी एका समलिंगी जोडप्याचे लग्न लावले, हा त्यांचा मुख्य गुन्हा. तिथे तर प्रायमरीही झाली नाही. एका चर्चच्या आवारात मोटारीतून येऊन अडीच हजारांच्या आसपास प्रतिनिधींनी मते टाकली. चार वर्षांनी गुड यांचीही पाळी आली. २०२४ च्या प्रायमरीत जॉन मॅग्वायर यांनी त्यांना चारशेहून कमी मतांनी घालवले. कडव्या उजव्यांच्या ‘फ्रीडम कॉकस’चे ते अध्यक्ष होते, पण आरंभी त्यांनी ट्रम्प यांच्याऐवजी रॉन डिसँटिस यांची बाजू घेतली होती आणि ते विसरले गेले नाही.

पैशाचे प्रकरण न्यूयॉर्कच्या सोळाव्या मतदारसंघात उघडे पडते. जून २०२० मध्ये तिथले एलियट एंजल एका पत्रकार परिषदेत बोलायला मिळावे म्हणून गळ घालत होते. प्रायमरी नसती तर आपल्याला त्याची पर्वा नसती, हे त्यांचे वाक्य चालू मायक्रोफोनने टिपले. करोनाच्या साथीत ते मतदारसंघात फिरकले नाहीत म्हणून लोक आधीच चिडले होते. एकतीस वर्षांचे सदस्यत्व एका शाळेचे मुख्याध्यापक जमाल बोमन यांनी संपवले. सप्टेंबर २०२३ मध्ये मतदानाच्या गडबडीत बोमन यांनी संसदेच्या इमारतीतला आगीचा अलार्म ओढला, गुन्हा कबूल करून हजार डॉलर दंड भरला आणि सभागृहाची निर्भर्त्सनाही ऐकून घेतली. त्यात गाझाच्या युद्धावरची त्यांची टीका. इस्रायलसमर्थक संघटना ‘एपॅक’शी जोडलेल्या निधीने त्यांच्याविरुद्ध १.४ कोटी डॉलरांहून अधिक रक्कम ओतली. गंमत अशी, की त्या जाहिरातींत इस्रायलचा उल्लेख शोधावा लागे. भर होता तो बोमन यांनी बायडन यांच्या पायाभूत सुविधांच्या विधेयकाला विरोध केल्यावर. म्हणजे पैसा एका कारणासाठी आला आणि मते दुसऱ्या कारणाने मागितली गेली, आणि ते दुसरे कारण तेच होते: हा माणूस आपल्या कामाचा नाही. जॉर्ज लॅटिमर सुमारे ५८ टक्के मते घेऊन जिंकले.

हे सगळे वाचताना अशा पराभवांची वारंवारता विसरू नये. ४३५ सदस्यांच्या सभागृहात २०१८ मध्ये स्वपक्षाच्या उमेदवारीच्या लढतीत पडलेले विद्यमान सदस्य होते चार, २०२० मध्ये आठ, २०२४ मध्ये पुन्हा चार. वाद होऊनही तरणारे असतातच. पॉवेल यांना हरवणारे रँगल स्वतः २०१० मध्ये करचुकवेगिरीसह अनेक आरोपांत अडकले. त्या सप्टेंबरच्या प्रायमरीत पॉवेल यांचाच मुलगा त्यांच्यासमोर उभा होता. रँगल आरामात जिंकले, डिसेंबरमध्ये सभागृहाने ३३३ विरुद्ध ७९ मतांनी त्यांची निर्भर्त्सना केली आणि त्यानंतरही ते सहा वर्षे सदस्य राहिले. हार्लेमला ते अजून हवे होते.

मराठी वाचकाला या जगातले एक नाव परिचयाचे आहे. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार मिशिगनच्या गव्हर्नरपदाच्या २०१८ च्या प्रायमरीत तिसरे आले होते. २०२२ मध्ये डेट्रॉइटमधल्या प्रतिनिधिगृहाच्या जागेसाठी नऊ उमेदवारांत सुमारे २८ टक्के मते त्यांना पुरली, कारण तिथे दुसरी फेरी नसते आणि नोव्हेंबरची लढत डेमोक्रॅटिक पक्षासाठी औपचारिकता असते. पक्षसंघटना पाठीशी नसताना पदरचे पैसे घालून आत येण्याची वाट या पद्धतीत आहे. तीच वाट आतल्यांना बाहेर काढण्यासाठीही वापरता येते. आपल्याकडे तिकीट कापणे हा श्रेष्ठींचा अधिकार आणि ए-बी फॉर्म हे त्याचे शस्त्र. राहुल गांधींच्या आग्रहाने काँग्रेसने २०१४ मध्ये पंधराएक मतदारसंघांत प्रायमरीचा प्रयोग केला. त्यांत वर्धा होते. तिथे जिंकले विद्यमान खासदार दत्ता मेघे यांचे चिरंजीव सागर मेघे. लोकसभेला ते पडले आणि प्रयोगही गुंडाळला गेला.

महाराष्ट्राला अधिक जवळचे उदाहरण खरे तर वॉशिंग्टनचे नाही, ऑल्बनीचे आहे. न्यूयॉर्क राज्याच्या सिनेटमध्ये २०११ पासून डेमोक्रॅटिक पक्षाच्या काही सदस्यांनी जेफ क्लाइन यांच्या नेतृत्वाखाली वेगळा गट केला आणि रिपब्लिकनांशी संगनमत करून सत्तेतला वाटा मिळवला. गटाची संख्या आठवर गेली. २०२२ आणि २०२३ मध्ये मुंबईत दोन पक्ष फुटले, तेव्हा मूळ पक्ष कुणाचा हे अध्यक्षांनी, निवडणूक आयोगाने आणि कोर्टांनी ठरवायचे होते. मतदारासमोर गोष्ट आली ती चिन्हे वाटून झाल्यावर. न्यूयॉर्कमध्ये चिन्हाचा प्रश्नच नव्हता. आठही जणांना डेमोक्रॅट म्हणून नोंदलेल्या मतदारांपुढे, त्याच पक्षाचे तिकीट मागत, उभे राहावे लागले. एप्रिल २०१८ मध्ये त्यांनी घाईघाईने गट विसर्जित केला, पण उशीर झाला होता. १३ सप्टेंबर २०१८ च्या प्रायमरीत आठांपैकी सहा पडले. वीस लाखांहून अधिक डॉलर खर्चूनही क्लाइन हे अलेसांड्रा बियाजी या नवख्या उमेदवाराकडून हरले. नोव्हेंबरमध्ये सिनेट डेमोक्रॅटांकडे गेले आणि पुढच्या जूनमध्ये भाडेकरूंना संरक्षण देणारा, कैक वर्षे अडवून ठेवलेला कायदा मंजूर झाला. वाचलेल्या दोघांपैकी डेव्हिड कार्लुची यांनी २०२० मध्ये प्रतिनिधिगृहाच्या एका रिकाम्या होणाऱ्या जागेसाठी प्रायमरी लढवली. जुन्या गटाचा हिशेब प्रतिस्पर्ध्यांनी पुन्हा बाहेर काढला आणि ते मॉंडेर जोन्स यांच्या बरेच मागे राहिले.